पहिल्या सलाईनपूर्वी

कर्करोगाचे निदान झाले की घरच्या मंडळींची अशी समजूत होते की, आता दोन-चार दिवसांत औषध सुरू होईल आणि काय ते एकदाचे कळेल. प्रत्यक्षात तसे घडत नाही. आधी तुकडा काढून तपासतात, मग रक्त, मग हाडातला मगज, कधी पाठीच्या कण्यातले पाणी, मग हृदयाची तपासणी, मग छातीत किंवा दंडात नळी. दर वेळी वेगळी खिडकी, वेगळा केसपेपर, वेगळी तारीख. पहाटेची लोकल पकडून दादरला उतरायचे, परळच्या रुग्णालयात दिवस काढायचा आणि रात्री परत यायचे, असे पंधरा-वीस दिवस गेले की, ‘नुसत्या तपासण्याच चालल्या आहेत, उपचार कुठे आहे?’ हा प्रश्न प्रत्येक घरात ऐकू येतो. आजाऱ्यांच्या भेटीस जाताना हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की, त्याचे उत्तर नीट शोधावे असे आमच्या मनाने घेतले. वैद्यकाचे शिक्षण आम्हांस नाही. परंतु इतिहासाची आवड सेमिनरीपासून आहे. म्हणून ज्या वाटेने आपले रुग्ण जातात ती वाट कोणी, केव्हा व कशी पाडली, हे येथे सांगण्याचा विचार आहे.

यामागे केवळ जिज्ञासा नाही. निदान आणि पहिली केमोथेरपी यांच्या दरम्यानच्या या दिवसांतच कित्येक माणसे वाट सोडतात. कोणी झाडपाल्याच्या औषधाकडे वळतो, कोणी गावोगावच्या बुवाबाबांकडे, तर कोणी ‘देवाची मर्जी’ म्हणून घरीच बसतो. ‘सुई लावली की कॅन्सर चेतवतो’ ही भीती शिकल्यासवरलेल्या घरांतही घट्ट बसलेली आहे. काही थोड्या प्रकारच्या गाठींबाबत सुईच्या वाटेने पेशी पसरण्याचा धोका डॉक्टर जाणतात आणि म्हणूनच तेथे ते वेगळी पद्धत वापरतात. परंतु एरवी तुकडा काढल्याने रोग भडकतो हे खरे नाही. उलट तुकडा नीट न काढल्यामुळे काय अनर्थ होतो, याचे एक उदाहरण युरोपच्या इतिहासात मोठ्या अक्षरांत नोंदलेले आहे.

इ. स. १८८७ मधील गोष्ट. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज बसला. हा इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा जावई, उदार विचारांचा, आणि वृद्ध बादशहा पहिला विल्हेल्म याच्यानंतर गादीवर बसणारा. जर्मन डॉक्टरांना स्वरयंत्रावर गाठ आढळली. त्यांनी कर्करोगाचा संशय घेतला आणि मे महिन्यात गळा उघडून शस्त्रक्रिया करण्याचे ठरविले. तेवढ्यात लंडनहून मोरेल मॅकेन्झी हे त्या काळचे प्रख्यात कंठविशारद आले. प्रथम तुकडा काढून तपासावा, मगच सुरी चालवावी, असे त्यांचे म्हणणे पडले. तत्त्वतः ते बरोबरच होते. त्यांनी घशात चिमटा घालून गाठीचे लहानसे अंश काढले आणि ते बर्लिनच्या रुडॉल्फ व्हिर्खोकडे पाठविले. पेशींच्या विकृतिशास्त्राचा हा जनक. त्याच्याहून मोठा अधिकारी पुरुष जगात नव्हता. व्हिर्खोने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि कळविले की, या तुकड्यांत कर्करोग दिसत नाही.

तुकड्यांत नव्हता; गाठीत होता. चिमट्याला लागले होते ते वरवरचे. शस्त्रक्रिया रद्द झाली. पुढील फेब्रुवारीत श्वास कोंडू लागल्याने गळ्याला छिद्र पाडावे लागले. ९ मार्च १८८८ रोजी फ्रेडरिक बादशहा झाला तेव्हा त्याला बोलता येत नव्हते. तो चिठ्ठ्या लिहून कारभार पाही. नव्व्याण्णव दिवस राज्य करून १५ जून रोजी तो मरण पावला आणि शवविच्छेदनात कर्करोग निर्विवाद सिद्ध झाला. त्याच्यामागून गादीवर आला तो दुसरा विल्हेल्म. पहिल्या महायुद्धाच्या वेळी जर्मनीचा कैसर तोच होता. फ्रेडरिक जगता तर युरोपचे काय झाले असते, हा इतिहासकारांचा आवडता वाद आहे. आम्ही त्यात शिरत नाही. त्या काळी ती शस्त्रक्रियाही अत्यंत जोखमीची होती, एवढे मॅकेन्झींच्या बाजूने म्हटले पाहिजे. परंतु रुग्णालयात ‘तुकडा पुरेसा आला नाही, पुन्हा काढावा लागेल’ असे सांगतात तेव्हा आपली माणसे चिडतात, त्यांना ही हकीकत आम्ही आवर्जून सांगतो. बादशहाचा तुकडा पुन्हा, अधिक खोलवरून काढला गेला असता तर निदान त्याला काय झाले आहे हे तरी त्याला वेळेवर समजले असते.

‘बायोप्सी’ हा शब्द तेव्हा अवघा आठ वर्षांचा होता. एर्नेस्त बेनिए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८७९ मध्ये तो घडविला. ग्रीक भाषेत ‘बिऑस’ म्हणजे जीवन व ‘ऑप्सिस’ म्हणजे पाहणे. मेलेल्या देहाची चिकित्सा तर पूर्वापार चालत आली होती. जिवंत देहाचा अंश पाहणे ही नवी गोष्ट होती. पुढे १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये हेज मार्टिन व एडवर्ड एलिस यांनी चिरफाड न करता साध्या सुईने गाठीतील पेशी ओढून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज आपल्याकडे ‘सुईची तपासणी’ म्हणतात तिचा उगम येथे.

अस्थिमज्जेची तपासणी मात्र सर्वांत अधिक धास्तीची. रक्ताचा कर्करोग रक्तात दिसतो, पण तो जन्मतो हाडाच्या मगजात. तेव्हा तेथे जाऊन पाहणे ओघाने आलेच. १९०८ मध्ये इटलीतील जेनोआच्या जोव्हानी गेदिनी यांनी पायाच्या नडगीच्या हाडाला छिद्र पाडून मज्जा काढली. ती एक छोटी शस्त्रक्रियाच होती, म्हणून ती फारशी रुळली नाही. १९२७ मध्ये लेनिनग्राडच्या मिखाईल आरिनकिन यांनी छातीच्या मधल्या हाडात सुई टोचून मज्जा ओढून घेता येते असे दाखविले आणि ही तपासणी खाटेशेजारी, काही मिनिटांत होऊ लागली. छातीच्या हाडामागे हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या असतात. म्हणून पुढे कमरेच्या मागील बाजूचे हाड निवडले गेले. आज रुग्णाला कुशीवर किंवा पालथे निजवून तेथेच सुई लावतात. १९७१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे काम करणारे मूळचे इराणी डॉक्टर खुसरो जमशिदी यांनी टोकाकडे निमुळती होत जाणारी अशी सुई केली की, हाडाचा बारीक गाभा न चुरडता अखंड बाहेर यावा. रुग्णालयात परिचारिका ‘जमशिदी द्या’ म्हणतात ती ही. जागा बधीर करतात. कातडीला व हाडाच्या वेष्टनाला त्याने काही कळत नाही. परंतु मज्जा ओढताना क्षणभर जी कळ येते तिला आजवर पुरता उतारा सापडलेला नाही. मुलांना म्हणून गुंगी देतात. ही कळ येणार हे रुग्णाला आधी सांगितलेले बरे, असे आमचे मत आहे. ‘काही दुखणार नाही’ असे नातेवाईक प्रेमापोटी सांगतात आणि पुढच्या वेळी रुग्ण त्यांच्या कशावरच विश्वास ठेवीत नाही.

ही मज्जा तपासल्यावाचून केमोथेरपीचा जन्मच झाला नसता. येथे थोडे आडवळण घेऊन आम्ही वाचकांस परळलाच नेणार आहोत.

परळला टाटा रुग्णालयाच्या परिसरातच हाफकिन संस्थेची जुनी देखणी इमारत आहे. येथे पूर्वी जेझुइटांचे मंदिर व मठ होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी तो काढून घेतला, पुढे तेथे गव्हर्नर राहू लागला, आणि १८९९ मध्ये त्याच वास्तूत डॉ. वॉल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. या हाफकिन संस्थेत १९२८ च्या सुमारास ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर संशोधनासाठी येऊन राहिली. मुंबईच्या गिरणी कामगार वस्तीतील गरोदर स्त्रियांना एक विलक्षण पांडुरोग होई आणि कित्येकजणी त्यात दगावत. अन्नात काहीतरी कमी पडते आहे असा विल्सबाईंचा तर्क होता. उंदीर, माकडे असे करीत करीत त्यांना आढळले की, यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावतात त्या ‘मार्माइट’ नावाच्या स्वस्त लेपाने, हा पांडुरोग बरा होतो. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्याला बरीच वर्षे ‘विल्स घटक’ म्हणत. तेच पुढे फॉलिक ॲसिड ठरले. आपल्या गरोदर भगिनींना सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर ज्या गोळ्या मिळतात त्यांत ते असते.

त्याच १९३१ साली लेडी मेहरबाई टाटा इंग्लंडात वेल्स प्रांती रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. दोराबजींच्या नावाच्या न्यासाने मेहरबाईंच्या स्मृतीप्रीत्यर्थ परळ येथे कर्करोगाचे रुग्णालय उभारले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. ज्या रोगाने मेहरबाई गेल्या त्यावरील पहिल्या औषधाची किल्ली त्याच परळमध्ये, त्याच वर्षी, दुसऱ्याच कामासाठी सापडली होती. हे तेव्हा कोणालाही उमगण्याजोगे नव्हते.

किल्ली फिरविली ती बोस्टनमध्ये. तेथील मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. फॉलिक ॲसिडच्या जातीची द्रव्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना देऊन पाहिली असता रोग थांबण्याऐवजी वाढतो आहे, असे त्यांना दिसले. रक्तात नव्हे, मज्जेत दिसले. तेव्हा त्यांनी उलटा विचार केला : या द्रव्याने रोग पोसला जात असेल तर त्याच्यासारखा दिसणारा पण त्याची वाट अडविणारा तोतया द्यावा. असा तोतया लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत एका भारतीयाच्या देखरेखीखाली तयार होत होता. आंध्रातील भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव हे त्यांचे नाव. सोळा मुलांना ‘अमिनोप्टेरिन’ दिले. दहा मुलांत रोग मागे हटला. ३ जून १९४८ रोजी हे प्रसिद्ध झाले. सुधारणा तात्पुरती होती. सगळ्या मुलांचा रोग परतला. परंतु औषधाने हा रोग मागे सरतो हे मज्जेच्या नमुन्यांवरून प्रथमच सिद्ध झाले. सुब्बाराव त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतच वारले. त्यांच्या तोतयाचे सुधारलेले रूप, मेथोट्रेक्सेट, आजही वापरात आहे.

पुढे असे दिसून आले की, औषधाने मज्जा स्वच्छ झालेल्या मुलांत रोग मेंदूच्या आवरणात दडून बसतो आणि तेथून परततो; कारण रक्तातील औषध तेथवर पुरेसे पोहोचत नाही. येथे पाठीच्या सुईचा इतिहास येऊन मिळतो. जर्मनीतील कील येथील हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये मेंदूत पाणी साचलेल्या बालकांचा दाब कमी करण्यासाठी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालण्याची रीत घालून दिली होती. मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली ही सुई जाते. तेव्हा ‘पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा पडतो’ या समजुतीला या कारणानेही आधार नाही. याच वाटेने औषध आत सोडता येते, हे ध्यानी घेऊन अमेरिकेत मेंफिस येथे डोनाल्ड पिंकेल यांनी १९६२ पासून अनेक औषधांचा एकत्रित उपचार आखला आणि मेंदूच्या आवरणाचाही त्यात समावेश केला. १९७० च्या सुमारास निम्म्याच्या आसपास मुले बरी होऊ लागली. फार्बरच्या काळी एकही होत नव्हते.

हे मेंफिसचे रुग्णालय संत यूदा तदेयसच्या नावाने आहे. डॅनी थॉमस नावाचा एक विनोदी नट होता. लेबनॉनहून आलेल्या मारोनाइट ख्रिस्ती कुटुंबातला. उमेदवारीच्या काळात, खिशात पैसा नसताना त्याने संत यूदाला नवस केला होता की, मला मार्ग दाखव, मी तुझ्या नावे स्थान उभारीन. नाव मिळाल्यावर तो नवस विसरला नाही. मेंफिस हे गाव निवडण्याचा सल्ला शिकागोचे कार्डिनल सॅम्युएल स्ट्रिच यांचा. ४ फेब्रुवारी १९६२ रोजी रुग्णालय सुरू झाले. मुलांच्या पालकांकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि काळ्या-गोऱ्या मुलांना एकाच वॉर्डात ठेवायचे, हे पहिल्या दिवसापासून. त्या वेळच्या दक्षिण अमेरिकी संस्थानांत ही दुसरी गोष्ट पहिलीहून कठीण होती. नवस फेडावेत तर असे.

पिंकेल यांचा आणखी एक ठसा रोज आपल्या रुग्णांवर उमटतो व तो कोणाच्या लक्षातही येत नाही. केमोपूर्वी प्रत्येक वेळी उंची व वजन घेतात. ‘कालच तर घेतले’ अशी कुरकुर आम्ही ऐकली आहे. औषधाची मात्रा नुसत्या वजनावर नव्हे, तर शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते. उंची-वजनावरून ते क्षेत्रफळ काढतात. कर्करोगाच्या औषधांसाठी हे माप वापरावे, असे पिंकेल यांनी १९५८ मध्ये मांडले. ते काढण्याचे सूत्र त्याहून जुने, १९१६ मधले, न्यूयॉर्कच्या ड्यू बॉय आडनावाच्या दोघा चुलतभावांचे. त्यांनी माणसांच्या अंगाला घट्ट कपड्यांवरून कागदाच्या पट्ट्या चिकटवून साचे घेतले, ते कापून सपाट केले आणि मोजले. अशी माणसे होती नऊ. जगभर लक्षावधी रुग्णांच्या सलाईनमधील औषधाचे माप बरीच दशके या नऊ जणांवरून काढलेल्या सूत्राने ठरत आले. नंतर अधिक लोक मोजून नवी सूत्रे झाली. जुने अजूनही पुष्कळ ठिकाणी चालते.

रक्ताच्या तपासण्या, यकृत-मूत्रपिंड, दातांची पाहणी, काविळीचे विषाणू यांविषयी विस्तार करीत नाही. औषध रक्तातील पांढऱ्या पेशी खाली आणणार, तेव्हा शरीरात दडलेला किडका दातही नंतर डोके वर काढतो, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे. परंतु हृदयाच्या तपासणीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती इटलीच्या आपुलिया प्रांतात घडते. तेथे संत निकोलसचे अवशेष १०८७ पासून ज्या शहरात आहेत ते बारी बंदर आहे. २ डिसेंबर १९४३ रोजी जर्मन विमानांनी या बंदरावर हल्ला करून दोस्तांची सतरा जहाजे बुडविली. त्यांतील ‘जॉन हार्वी’ या अमेरिकन जहाजात मस्टर्ड वायूचे दोन हजार बाँब गुप्तपणे ठेवलेले होते. तेलात मिसळलेल्या त्या विषात खलाशी पोहले. सहाशेहून अधिक लोक रुग्णालयात आले, ऐंशीहून अधिक दगावले. गावातले किती मेले त्याची मोजदाद नाही. चौकशीस आलेल्या स्ट्युअर्ट अलेक्झांडर या डॉक्टरांनी नोंदविले की, मृतांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्या होत्या. येल विद्यापीठात गुडमन व गिलमन यांनी याच कुळातील द्रव्य ऑगस्ट १९४२ मध्ये एका लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णास गुप्तपणे दिले होते. बारीच्या नोंदींनी त्या विचाराला बळ मिळाले.

याच आपुलियात, दुसऱ्या फ्रेडरिक सम्राटाने तेराव्या शतकात बांधलेल्या कास्तेल देल मोंते या किल्ल्याच्या परिसरातील मातीत एक सूक्ष्मजंतू सापडला. तो तांबडे रंगद्रव्य बनवी. मिलानच्या फार्मिटालिया कंपनीने त्यापासून व त्याच्या बदललेल्या वाणापासून साठीच्या दशकात औषधे काढली. त्यांतील एकाला एड्रियाटिक समुद्रावरून ‘एड्रियामायसिन’ नाव दिले. हेच ते ‘लाल औषध’. स्तनांच्या कर्करोगासह अनेक रोगांवर ते गुणकारी ठरले. पण ठराविक एकूण मात्रेपलीकडे गेल्यास ते हृदयाच्या स्नायूला इजा करते हे काही रुग्ण गमावल्यावर कळले. म्हणून ते देण्यापूर्वी हृदय किती जोर लावते ते पाहतात. त्यासाठीचे ध्वनिलहरींचे यंत्र स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व हेल्मुट हेर्ट्झ यांनी १९५३ मध्ये प्रथम हृदयावर लावले. आरंभी त्यांनी माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यातून लोखंडी पत्र्यांतील चिरा शोधण्याचे यंत्र मागून आणले होते. आपल्याकडे आज ‘टू-डी एको’ म्हणतात ते त्याचेच पुढचे रूप.

या तपासण्यांच्या दिवसांतच संमतिपत्रकावर सही करावी लागते. पुष्कळदा ते वाचून दाखविण्यासाठी आम्हांस बोलावतात, आणि पुष्कळदा कानात सांगतात : ‘फादर, बापाला केमो म्हणू नका, ताकदीचे सलाईन म्हणा.’ आम्ही तसे म्हणत नाही. ज्याच्या अंगात औषध जायचे त्याला ते काय आहे हे कळलेच पाहिजे. १९४७ च्या न्यूरेंबर्ग निकालात माणसांवरील प्रयोगांबाबत न्यायाधीशांनी पहिलेच कलम घातले ते माणसाच्या स्वेच्छ संमतीचे. छळछावण्यांतील डॉक्टरांनी काय केले ते ऐकून घातले. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाविषयीही एक शब्द. सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये या संस्काराचा विधी नव्याने घालून दिला, तो गंभीर आजार सुरू झालेल्यांसाठी, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी घेता यावा असाही. तरी अजून आमच्या हाती तेलाची कुपी दिसली की, घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया डोळ्यांना पदर लावतात. केमो सुरू होण्याआधी, हिंडता-फिरता माणूस देवळात येऊन तो घेऊ शकतो.

आता राहिली ती नळी. केमोची काही औषधे शिरेबाहेर सांडली तर कातडी जाळतात. हाताच्या बारीक शिरा चार-सहा वेळांतच कडक होतात. म्हणून औषध हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडणे सोयीचे. परंतु जिवंत माणसाच्या हृदयापर्यंत बाहेरून काही घालता येईल, ही कल्पनाच एकेकाळी वेडेपणाची मानली जाई.

१९२९ मध्ये बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड गावी एका लहान रुग्णालयात वेर्नर फोर्समन हा पंचवीस वर्षांचा डॉक्टर उमेदवारी करीत होता. मरणोन्मुख रुग्णाच्या हृदयात औषध झटकन पोहोचवायचे तर छातीतून सुई खुपसण्याऐवजी हाताच्या शिरेतून रबरी नळी सरकवावी, असे त्याच्या मनात आले. प्रमुख डॉक्टरांनी परवानगी नाकारली. स्वतःवर प्रयोग करण्यासही मनाई केली. त्याने एका सहकाऱ्याच्या मदतीने प्रयत्न केला, पण नळी पस्तीस सेंटिमीटर आत गेल्यावर सहकारी घाबरला. मग त्याने शस्त्रक्रियागृहाची परिचारिका गेर्डा डिट्झेन हिचे मन वळविले. कारण साहित्याच्या कपाटाची किल्ली तिच्यापाशी. ती धीराची बाई स्वतःवर प्रयोग करून घेण्यास तयार झाली. फोर्समनने तिला टेबलावर बांधले, तिच्या हातावर औषध चोळण्याचे नाटक केले आणि तिच्या नजरेआड स्वतःच्या डाव्या कोपराची शीर उघडून मूत्रमार्गासाठी असलेली नळी पासष्ट सेंटिमीटरपर्यंत आत सारली. मग तिला सोडले. दोघे जिना उतरून तळघरातील एक्स-रे खोलीत गेले. तो सहकारी धावत येऊन नळी उपसू पाहत होता. फोर्समनने त्याला लाथ मारून दूर ठेवले. एक्स-रे निघाला. नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात स्पष्ट दिसत होते.

नोव्हेंबरात लेख प्रसिद्ध झाला. त्यात या वाटेने औषध दिलेल्या, पोटात पू होऊन अत्यवस्थ झालेल्या एका रुग्णाचीही नोंद आहे. ती वाचली नाही. बर्लिनच्या मोठ्या रुग्णालयातून फोर्समनला काढून टाकले गेले. तो हृदय सोडून मूत्रविकारांकडे वळला. १९३२ मध्ये तो नाझी पक्षातही गेला, हे लपविण्याचे कारण नाही. धाडस आणि विवेक एकाच माणसात नेहमी एकत्र नांदतातच असे नाही. तिकडे न्यूयॉर्कमध्ये कुर्नां व रिचर्ड्स यांनी त्याची पद्धत विकसित केली, आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळून मिळाले. तेव्हा फोर्समन बाट क्रॉइत्स्नाख या लहान गावी मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम करीत होता.

पुढचे टप्पे शांतपणे आले. १९५२ मध्ये फ्रान्सच्या रोबेर ओबानियाक यांनी गळपट्टीच्या हाडाखालील शीर गाठली. १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी आधी सुई, सुईतून तार, सुई काढून तारेवरून नळी, मग तार बाहेर, अशी साधी युक्ती काढली. आज जवळजवळ प्रत्येक नळी अशीच बसते. सिएटलमध्ये १९७३ ला ब्रोव्हिअक व १९७९ ला हिकमन यांनी महिनोन्‌महिने राहू शकेल अशी सिलिकॉनची नळी केली. १९८२ मध्ये जॉन नीडरह्यूबर यांनी कातडीखाली पूर्ण दडलेली डबी, म्हणजे पोर्ट, वापरात आणली. त्यामुळे अंघोळ करता येते, अंगरख्याबाहेर काही लोंबत नाही, आणि तरुण मुलींना ही गोष्ट औषधाइतकीच महत्त्वाची वाटते, असे त्यांनीच आम्हांस सांगितले आहे.

टाटा रुग्णालयासमोरचा रस्ता डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांच्या नावाचा आहे. गोमंतकीय ख्रिस्ती घराण्यातले हे शल्यविशारद याच रुग्णालयात काम करून नावारूपाला आले. त्या रस्त्याच्या पदपथावर आपल्या रुग्णाचे नातेवाईक डबा सोडून बसलेले असतात तेव्हा आत कोणाचा तरी पोर्ट बसविणे चाललेले असते. जागा बधीर करतात, तारेवरून नळी सरकवतात, टाके घालतात. आणि मग, औषधाचा पहिला थेंब सोडण्यापूर्वी, छातीचा एक एक्स-रे काढतात : नळीचे टोक कोठे पोहोचले ते पाहण्यासाठी.